चार इंच खाली

"असं का होतंय, ते आधी बघू."

मिस्त्रींचं हे एवढंच वाक्य. गाडी रस्त्यात बंद पडली तरी हेच, दूध उतू गेलं तरी हेच, आणि शेजारची सून भांडून माहेरी निघून गेली तेव्हाही ते ओट्यावर उभे राहून हेच म्हणाले होते. त्या वेळी मात्र बायकोने त्यांना दंडाला धरून घरात ओढलं. घाईतलं गिऱ्हाईक त्यांच्यापुढे टिकत नसे. गिऱ्हाईक म्हणे, नवा पार्ट टाका आणि मोकळं करा. मिस्त्री जुना पार्ट उन्हात धरत, नखाने खरवडत, वास घेत, आणि तो नेमका कशाने गेला हे कळल्याशिवाय नव्याला हात लावत नसत. म्हणून सगळा रस्ता त्यांना बघूमिस्त्री म्हणायचा. तोंडावर म्हणायचा. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

त्यांचे वडील सुतार होते. मिस्त्रींनी सात वर्षांचे असताना आईचं शिवणयंत्र उघडलं, कारण खालचा दोरा वरच्या दोऱ्याला भेटतो कसा, हे त्यांना बघायचं होतं. ते दिसलं. यंत्र परत जोडलं तेव्हा एक स्क्रू हातात उरला. यंत्र पुढे तीस वर्षं बिनबोभाट चाललं, आईची एक तक्रार नाही, पण तो स्क्रू कुठला हे मिस्त्रींना शेवटपर्यंत कळलं नाही आणि ते त्यांना सलत राहिलं. त्यातून त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली. गाडी उघडायची तर आधी जमिनीवर चादर पसरायची. चादर म्हणजे गाडीच, अशी समजूत करायची. गाडीचं तोंड दाराकडे, शेपूट भिंतीकडे. डावीकडचं सामान डावीकडे, उजवीकडचं उजवीकडे, आणि प्रत्येक पार्टाचं तोंड गाडीत होतं त्याच दिशेला. कागद नाही, खडूची खूण नाही. लिहून ठेवलं की माणूस विसरायला मोकळा होतो, असं त्यांचं मत. चाळीस वर्षांत चादरीने त्यांना एकदाही दगा दिला नव्हता. पुढे पुढे तर जोडताना ते विचारच करत नसत. हात खाली जायचा, पार्ट उचलायचा आणि आहे त्या तोंडाने गाडीला लावायचा. बायको म्हणायची, पाहुणे आले तर जमिनीवर निजतील, पण ह्यांच्या नटबोल्टांना चादर हवीच.

गॅरेज रस्त्याच्या टोकाला होतं. दोन झडपांचं पत्र्याचं दार, आत लांबट खोली, एका भिंतीवर पाने उतरत्या क्रमाने टांगलेले. जमीन मूळची सिमेंटची, पण इतकी वर्षं तेल पिऊन काळी आणि मऊ झालेली, अनवाणी चाललं तर पायाला चामड्यासारखी लागायची. दुपारी तीनला छतातल्या एका भोकातून उन्हाची काडी आत यायची आणि तासाभरात टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. ते भोक बुजवायला कुणी सांगितलं तर मिस्त्री हसायचे.

या गॅरेजमध्ये एका सकाळी वहिनी आल्या. पायी आल्या, हेच नवल.

वहिनी म्हणजे मिस्त्रींच्या जिवलग मित्राची बायको. मित्र रोपांचा धंदा करायचा. तो जाऊन पाच वर्षं झाली होती. मागे त्याची रोपवाटिका राहिली आणि त्याची जुनी पिकअप राहिली. गोल डोळ्यांची, फुगऱ्या गालांची, एके काळी हिरवी. मागे लाकडी फळ्यांचा हौदा. तसल्या गाड्या आता रस्त्यावर दिसत नाहीत, लोक थांबून फोटो काढतात. नवरा गेल्यावर वहिनी पंचावन्नाव्या वर्षी ती गाडी शिकल्या आणि शिकवली मिस्त्रींनीच. तेव्हापासून कुंड्या भरून घरोघरी, दवाखान्यांत, शाळांत त्या स्वतः पोचवायच्या.

आता त्यांचा उजवा गुडघा वाकेना. गाडी उंच, दाराखालची पायरी उंच. पाय पायरीवर पोचायचा नाही. स्टूल ठेवून चढून पाहिलं. चढता यायचं, पण एकदा आत बसलं की स्टूल खालीच राहायचं. अशी तीन स्टुलं तीन रस्त्यांवर राहून गेली. मग एक दिवस त्या स्टुलाशिवाय चढायला गेल्या, घसरल्या आणि खताच्या पोत्यावर बसल्या. त्यांना स्वतःलाच हसू आलं, पण मुलाने कोपरावरचं काळंनिळं पाहिलं.

मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. आईवर जीव होता म्हणूनच त्याचा तोल गेला. जुन्या गाड्या जमवणारा एक माणूस त्याने शोधला आणि आईला सांगितलं की महिनाअखेरच्या रविवारी मी त्याला हो म्हणणार. त्याआधी तू कुणाचा हात न धरता चढून, मला शेजारी बसवून एक फेरी मारून दाखवलीस, तर मी पुन्हा विषय काढणार नाही.

"गाडी गेली की मीही कुंडीत बसले म्हणायचं, भावजी," वहिनी म्हणाल्या. "कुणी पाणी घालेल तेव्हा प्यायचं."

मिस्त्रींनी पान्यावरचं तेल पुसलं आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं. मग त्यांनी काय केलं, तर वहिनींना भिंतीशी उभं केलं आणि पाय जेवढा वर येईल तेवढा उचलायला सांगितला. जिथवर चप्पल पोचली तिथे भिंतीवर खिळ्याने रेघ ओढली. मग टेप घेऊन वहिनींबरोबर रोपवाटिकेत गेले आणि पायरीची उंची मोजली. रेघ आणि पायरी यांच्यात पावणेतीन इंचांचं अंतर निघालं.

"म्हणजे तुमचा गुडघा गाडीवर पावणेतीन इंच रुसलाय," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला तर पिकअपची पुढची दोन चाकं दोन खड्ड्यांत उतरलेली. त्याला वाटलं गाडी फसली. तो दोर आणायला धावणार, तेवढ्यात आई गाडीच्या खिडकीतून त्याच्याकडे बघत असलेली त्याला दिसली. मिस्त्रींनी फावड्याने बरोबर चार इंच खोल खड्डे खणले होते आणि गाडी हळूच त्यांत सोडली होती. पुढची चाकं चार इंच खाली गेली की पायरीपाशी गाडी जवळपास तीन इंच खाली येते, हा त्यांचा हिशोब. वहिनींनी पाय उचलला, तो पायरीवर टेकला, आणि त्या चढल्या. तीनदा चढल्या, तीनदा उतरल्या.

आता हे दोन खड्डे गाडीबरोबर रस्त्यावर न्यायचे कसे, एवढाच प्रश्न उरला.

त्याचं उत्तर मिस्त्रींना ठाऊक होतं, पण त्यांनी ते आजवर स्वतः लावलं नव्हतं. जुन्या पिकअपच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा एक जाडजूड लोखंडी दांडा असतो, तो एक्सल. त्याच्यावर स्प्रिंगचे पाटे बसतात आणि पाट्यांवर गाडीचा सांगाडा. आता हा एक्सल टोकांना वर वळवलेला घेतला, म्हणजे खांदे वर आणि पोट खाली असा, तर चाकं जागच्या जागी राहतात आणि गाडी मध्ये बसते. तरुण पोरं आपल्या गाड्या जमिनीला चिकटून धावाव्यात म्हणून असले एक्सल लावून घेतात. मिस्त्री त्यांना नावं ठेवायचे, की एवढ्याने काय साधतं. आता ते त्यांच्याच एका दुकानात बसून चहा पीत होते आणि चार इंच वळलेला एक्सल हाताने चाचपत होते. दुकानातल्या पोराने विचारलं, आजोबा, कुणासाठी? मिस्त्री म्हणाले, एका बाईंसाठी. पोराने शेजारच्याकडे बघून डोळा मारला. घरी आल्यावर मिस्त्रींनी हे बायकोला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली.

सोमवारी पिकअप गॅरेजात आली. मिस्त्रींनी तिला जॅकवर उचललं, सांगाड्याखाली आधाराला लोखंडी घोड्या लावल्या, चाकं काढली, चादर पसरली. स्टेअरिंगच्या दांड्या सुटल्या, ब्रेकचं सामान सुटलं, एकेक करून चादरीवर गाडीचा पुढचा भाग उताणा झोपला. सगळं सुरळीत चाललं होतं आणि किंगपिन अडली. किंगपिन म्हणजे एक्सलच्या टोकाला उभा बसवलेला खुंटा, चाक त्याच्याभोवती डावीउजवीकडे वळतं. नव्या एक्सलवर हेच चाकांचे भाग बसवायचे, म्हणजे जुन्यातून खुंटे काढायलाच हवेत. डावा अर्ध्या तासात आला. उजवा हलेना. हातोड्याने ठोकला, तेल पाजून रात्रभर ठेवला, शेजारच्या लेथवाल्याने ज्योत आणून तापवला. लेथवाला म्हणाला, कापून टाकू. मिस्त्रींनी नुसती मान हलवली आणि बॅटरी घेऊन गाडीखाली आडवे झाले. तासभर बाहेर आले नाहीत. बायको डबा घेऊन आली तर तिला नुसते पाय दिसले, तिने डबा पायांशी ठेवला आणि पायांनाच सांगून गेली की भाजी गरम आहे.

बाहेर आले ते हसतच. त्यांचा मित्र दर वर्षी गाडीला खालून ब्रशने काळा रंग द्यायचा, गाडी खालूनही देखणी हवी म्हणून. रंग देताना त्याने उजव्या बाजूची ग्रीस भरायची बारीक तोंडंही रंगवून बुजवली होती. थर वर थर. वीस वर्षं त्या खुंट्याला ग्रीसचा थेंब मिळाला नव्हता. हे ऐकून वहिनी हसल्या, मग उठून दाराशी गेल्या आणि बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी, उन्हाची काडी टेबलावर आली असताना, खुंटा एकदाचा कच्च करून सुटला.

वहिनी रोज येत. नुसतं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मिस्त्रींनी त्यांना चादरीचा कायदा समजावून सांगितला होता, जे जिथलं ते तिथेच. गुरुवारी मिस्त्री लेथवाल्याकडे गेले असताना वहिनींनी रॉकेलचं पातेलं घेतलं आणि एकेक पार्ट उचलून, घासून, पुसून, जिथला तिथे ठेवला. एकही जागा चुकवली नाही. मिस्त्री परत आले तेव्हा चादरीवर सगळं चांदीसारखं लखलखत होतं. ते बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांची चादर कुणी अशी मांडली नव्हती.

त्या चादरीवर दोन पाचरी होत्या. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये बसणाऱ्या, तळहाताएवढ्या लोखंडी पट्ट्या, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ, मध्ये भोक. मिस्त्रींनी त्या मुद्दाम या कामासाठी लेथवाल्याकडून करून घेतल्या होत्या आणि जाड बाजू भिंतीकडे, म्हणजे गाडीच्या शेपटाकडे करून चादरीवर ठेवल्या होत्या. मध्ये भोक असल्याने त्या उलट्याही तितक्याच छान बसतात.

शुक्रवारी नवा एक्सल पाट्यांखाली गेला. मिस्त्रींचा हात खाली गेला, पाचर उचलली, आहे त्या तोंडाने लावली. बोल्ट आवळले, नव्या किंगपिना बसल्या, ग्रीसची तोंडं उघडी राहिली. एक्सल वळलेला म्हणून स्टेअरिंगची एक दांडीही वळलेली लागते, तीही त्यांनी आणून ठेवली होती. संध्याकाळी गाडी घोड्यांवरून उतरली. पुढून वाकलेली, जशी कुणाला तरी वाकून काही विचारतेय. लेथवाला म्हणाला, मिस्त्री, गाडी तुमच्यासारखी झाली, आता हीही खाली बघत चालणार.

वहिनी आल्या. दार उघडलं, उजवा पाय उचलला, पायरीवर ठेवला आणि आत बसल्या. त्यांनी आरसा नीट केला, तो आधीपासून नीटच होता.

शनिवारी त्यांनी हौदा कुंड्यांनी गच्च भरला आणि शाळेत पोचवल्या. जाताना गाडी थोडी आळशी वाटली, पण ठीक गेली. कुंड्या उतरवून त्या रिकाम्या गाडीने परत निघाल्या आणि पहिल्याच वळणानंतर गाडीने त्यांचं ऐकणं सोडलं. वळण संपलं तरी स्टेअरिंग सरळ होईना. ते ओढून सरळ केलं तर गाडी दुसऱ्या बाजूला निघाली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्या चालत्या माणसाच्या वेगाने गॅरेजपर्यंत आल्या. आणि नशीब असं, की मुलगा आईची गाडी बघायला नेमका तेव्हाच गॅरेजच्या दारात उभा होता. त्याने रस्त्याच्या त्या टोकापासून सगळं पाहिलं.

"आई, आधी चढता येत नव्हतं तेच बरं होतं," तो म्हणाला. "निदान घरी तरी बसायचीस."

त्याने खिशातून फोन काढला. वहिनी स्टेअरिंगवरून हात न काढता समोर बघत होत्या. मिस्त्री म्हणाले, बाळा, तू रविवार म्हणाला होतास, आणि आज शनिवार आहे. मुलाने फोन परत खिशात ठेवला. पण उद्या चार वाजता मी येणार आणि तेव्हा गाडी अशीच असली तर त्या माणसाला हो म्हणणार, असं सांगून तो गेला.

रविवारी सकाळी मिस्त्री खुर्ची घेऊन पिकअपच्या समोर बसले. अर्धा तास त्यांनी गाडीला हात लावला नाही. मग वहिनींना बोलावून विचारू लागले. जाताना बरी होती? बरी होती. किती बरी? तेव्हा हौदा भरलेला होता? आणि येताना रिकामा? रस्ता तोच? पाऊणशे कुंड्या की कमी? वहिनींना वाटलं हे उगाच वेळ काढतायत. पण मिस्त्रींचे डोळे चमकू लागले होते. त्यांनी चाकांतली हवा पाहिली, सारखी होती. दोन चाकांमध्ये पुढून आणि मागून दोरी धरून पाहिली, चाकं नीट समांतर होती. दांड्या हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. मग त्यांनी वडिलांचा ओळंबा आणला, पितळी, सुताराचा, आणि किंगपिनच्या शेजारी दोरी सोडली.

सायकलचा पुढचा चिमटा बघा. तो सरळ उभा नसतो, वरचं टोक मागे झुकलेलं असतं. म्हणून तर पोरं हात सोडून सायकल चालवतात, चाक आपलं आपण सरळ राहतं. गाडीची किंगपिनही तशीच थोडी मागे झुकलेली लागते. गाडी पुढून खाली आली की सगळा सांगाडा पुढे झुकतो आणि ती पिनही पुढे झुकते, ते झुकणं मोडायलाच त्या पाचरी. हौदा भरला की गाडी मागून बसते, पुन्हा थोडी सरळ होते, म्हणून जाताना बरी होती. ओळंब्याची दोरी किंगपिनपासून भलत्याच बाजूला लटकत होती. पिन मागे तर नव्हतीच, चांगली पुढे ओणवली होती.

मिस्त्री वाकले आणि त्यांनी पाचर पाहिली. जाड बाजू पुढे होती.

ते तसेच जमिनीवर बसले. इतक्यात मुलगाही आला. चार वाजायचे होते, पण त्याच्याने घरी राहवलं नव्हतं. मिस्त्री त्याच्याकडे न बघता वहिनींना म्हणाले की गाडीत काही दोष नाही, दोष माझा आहे. पाचर मी उलटी बसवली. चादरीवर सरळ ठेवली होती आणि लावली उलटी, म्हणजे आता डोकंच राहिलं नाही. बायको दारात डबा घेऊन उभी होती. चाळीस वर्षांत तिने नवऱ्याला असं बोलताना ऐकलं नव्हतं.

वहिनींनी पाचरीकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं. मुलाच्या मनात काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. आपण गप्प राहिलो तर चूक मिस्त्रींची ठरणार. बोललो तर मुलगा म्हणणार, बघ, तुला सगळ्यात हात घालायची सवय, म्हणून तर म्हणतो.

"भावजी, तुमचं डोकं जागेवर आहे," त्या म्हणाल्या. "धुवून ठेवताना त्या मी फिरवल्या. जागा तीच ठेवली, तोंड फिरवलं."

मुलाने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी मिस्त्री जमिनीवरूनच वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"का फिरवल्यात?" त्यांनी विचारलं.

वहिनी म्हणाल्या की त्यांनी ते मुद्दाम केलं नाही, हातानेच झालं. रोपवाटिकेत कुंडी ठेवताना चांगली बाजू नेहमी फाटकाकडे करायची, येणाऱ्याला आधी तीच दिसली पाहिजे. पाचरीची जाड बाजू घासल्यावर आरशासारखी निघाली, म्हणून ती दाराकडे केली. त्यावर मिस्त्रींनी विचारलं, पण सगळ्याच कुंड्यांना चांगली बाजू असते का. असते, उन्हाकडची, वहिनी म्हणाल्या. मग रोज फिरवल्या तर? मग सगळ्याच बाजू सारख्या होतात, पण कुठलीच खास होत नाही. आणि सावलीतल्या झाडाची? मिस्त्री मांडी घालून बसलेच. गाडी तशीच, पाचरी उलट्याच, घड्याळ पुढे चाललेलं, आणि हे झाडांची चौकशी करतायत. शेवटी बायको दारातून म्हणाली, "अहो, झाडांचं उद्या बघा. पोराला चार वाजता फेरी हवीय."

मुलाला हसू आलं. त्याने ते लपवलं, पण बाही वर सरकवून तोच जॅकच्या दांड्याशी येऊन उभा राहिला आणि काका, किती वर घेऊ, असं विचारू लागला.

पाचरी फिरवायला दोन तास लागले. बोल्ट ढिले करायचे, पाटा उचलायचा, पाचर फिरवायची, परत आवळायचे, एक बाजू, मग दुसरी. मिस्त्रींनी या वेळी प्रत्येक पाचर हातात घेऊन बोटाने जाड बाजू चाचपली आणि मोठ्याने म्हटलं, मागे. मग ओळंबा सोडला. पिन दोरीपासून मागे कलली होती, हवी तेवढी.

चार वाजता वहिनी रिकाम्या गाडीत चढल्या. मुलगा दुसऱ्या बाजूने बसला आणि एक हात दाराच्या मुठीवर ठेवून घट्ट झाला. गाडी रस्त्याला लागली. काय झालं ते नंतर मुलानेच सगळ्यांना सांगितलं, म्हणून आम्हाला ठाऊक. पाण्याच्या टाकीपाशी मोठं वळण आहे. वहिनींनी गाडी वळवली आणि वळण संपता संपता दोन्ही हात स्टेअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. मुलगा ओरडणारच होता. पण स्टेअरिंग त्याच्या डोळ्यांदेखत आपलं आपण फिरू लागलं, सावकाश, जणू कुणी अदृश्य माणूस ते परत लावतोय, आणि बरोबर मध्यावर येऊन थांबलं. गाडी रस्त्याच्या मधोमध सरळ चालत राहिली. वहिनींनी हात परत वर ठेवले.

मुलाने मान पुढे काढून स्टेअरिंगकडे पाहिलं. मग म्हणाला, "आई, परत एकदा कर."

त्यांनी टाकीला तीन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला मुलाने दाराची मूठ सोडली होती आणि पुढे वाकून, स्टेअरिंग आणि चाक यांच्यामध्ये नक्की काय घडतंय हे बघण्याच्या नादात होता. गॅरेजपाशी आल्यावर त्याने गाडीतूनच फोन लावला आणि त्या माणसाला सांगितलं की गाडी द्यायची नाही. नाही, किमतीचा प्रश्न नाही. ती चालवणारं माणूस आहे घरात.

मिस्त्री दार ओढून घेत होते. बायको डब्यासह आधीच पुढे गेली होती. वहिनी म्हणाल्या, चला भावजी, घरापर्यंत सोडते. ते म्हणाले, नको, दिवसभर बसलो की कंबर धरते, पायी बरं. त्यांनी कुलूप लावलं, एकदा ओढून पाहिलं, हात पाठीमागे बांधले आणि बायकोच्या मागे रस्त्याने निघाले, नेहमीच्या चालीने, ना हळू ना भराभर.

वहिनींनी इंजिन बंद केलं नव्हतं. त्या स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांच्याकडे बघत होत्या. आणि मुलगा वहिनींकडे.